डबा तपासणीचा शनिवार

चौथीत शिकणाऱ्या एका मुलीवर अन्याय झाला. दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली, त्यानंतरच्या दुसऱ्या शनिवारी, सकाळी सव्वानऊच्या छोट्या सुट्टीत. लांज्याच्या अलीकडे हायवे सोडून चार किलोमीटर आत गेलं की एक वाडी लागते, तिथल्या प्राथमिक शाळेच्या पडवीत. मुलगी नऊ वर्षांची होती. अन्याय मी केला. मी तेव्हा तेवीस वर्षांची होते आणि माझ्या खांद्यावरच्या कापडी पिशवीत चारशे पत्रकं होती.

तिच्या आईवरही झाला. तो एका दिवसात आटोपला नाही, म्हणून त्याची वेळ सांगता येत नाही.

मला असंच लिहिता येतं. रत्नागिरीत आमच्या संघटनेची एक खोली आहे, खाली झेरॉक्सचं दुकान आणि वर आम्ही सात-आठ जण. तिथं मी बारावीनंतर जायला लागले. एसटीच्या बंद झालेल्या फेऱ्या, उन्हाळ्यातलं टँकरचं पाणी, शाळेच्या वाटेवरचं दारूचं दुकान, असल्या विषयांवर पत्रकं लिहिली. आमच्यातले एक वयस्क कार्यकर्ते माझा कागद हातात घेऊन पेन्सिलीनं खोडायचे. मोघम काही लिहिलेलं त्यांना खपायचं नाही. ‘समाजात अन्याय होतोय’ असं लिहिलं की विचारायचे, कुणावर? कधी? ते सांगता येत नसेल तर घरी जा. त्यांच्यामुळे मला चांगलं लिहिता यायला लागलं. म्हणजे वाचणाऱ्याला लागेल असं.

मुलांच्या वजनाचा विषय आमच्याकडे एका शिबिरातून आला. तिथं डॉक्टरीणबाई सांगत होत्या की पूर्वी खेड्यातून मुलं यायची ती हाडकुळी, आता अंगानं जड झालेलीही येतात. धाप लागते, मानेवर काळे पट्टे येतात, आणि आईबाप म्हणतात की चांगलं खात्यापित्या घरचं दिसतंय. मी वहीत उतरवून घेतलं. मग गावोगावच्या टपऱ्या बघत हिंडले. माळा लावल्यासारखी पाकिटं लटकत होती. शाळेच्या फाटकासमोर, देवळाच्या कोपऱ्यावर, एसटीच्या थांब्यावर. मला चीड आली आणि ती खरी होती. आजही त्या माळा बघितल्या की येते.

पत्रकाचा मथळा मी लांज्याच्या गाडीत, पालीच्या पुढे कुठेतरी लिहिला. ‘आई, पाकीट फोडण्याआधी दहा मिनिटं काढ!’ खाली चौदा ओळी. आई, तुझ्या लेकराच्या डब्यात काय आहे? आई, भाकरीला किती वेळ लागतो? आई, उद्या त्याला आजार झाला तर दोष कुणाला देशील? खोलीवर सगळ्यांनी वाचलं. कुणी म्हणालं जरा कडक आहे, कुणी म्हणालं कडकच पाहिजे. चौदा ओळींत ‘बाबा’ हा शब्द एकदाही नव्हता. वाचणाऱ्या आठांपैकी पाच मुली होत्या. कुणालाही तो आठवला नाही, मलाही नाही.

माझी आई पहाटे उठून घावणे करायची. अजून करते. ती घरीच असते, माझे वडील शहरातच नोकरीला आहेत आणि सहाला घरी येतात. डबा उघडल्यावर वर्गातल्या मुली माझ्याकडे सरकायच्या. हे सगळं मला आईच्या चांगुलपणाचं वाटत आलं होतं. ज्यांच्या डब्यात घावणे नसायचे त्यांच्या आया मला आळशी वाटायच्या. पत्रक लिहिताना हा विचार मी कागदावर आणला नाही, पण तो तिथंच होता.

त्या वाडीत मोहीम न्यायची तर आधी मुंबईला विचारावं लागलं. वाडीतली अर्धीअधिक माणसं मुंबईला. त्यांचं मंडळ आहे, दर महिन्याच्या एका रविवारी कुणाच्या तरी चाळीत बैठक भरते आणि गावच्या देवळाला रंग कुठला लावायचा इथपासून सगळं तिथं ठरतं. गावात राहणारे गावाला बसलेले, आणि ठरवणारे तिकडे. मंडळाचे अध्यक्ष फोनवर फार आदबीनं बोलले. विषय उत्तम आहे म्हणाले. शाळेला वजनकाटा मंडळातर्फे भेट देऊ म्हणाले. फक्त एक करा, तुम्हाला मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर घेतो, कार्यक्रमाचे फोटो तिथं टाका, म्हणजे आमच्या माणसांना बरं वाटतं. मी हो म्हटलं. देणगी दिली की फोटो द्यायचा हे आमच्याकडे इतकं ठरलेलं आहे की त्यात विचारण्यासारखं काही मला दिसलं नाही.

त्या शाळेत दुपारी खिचडी मिळते, पण छोट्या सुट्टीला मुलं घरून काहीतरी आणतात. मुलं पडवीत रांगेनं बसली. एकेकानं काट्यावर उभं राहायचं, मग डबा उघडायचा. डबा चांगला असला तर मी शर्टाला हिरवी चिठ्ठी टाचणीनं लावायची, पाकीट असलं तर लाल. टाचण्यांचा डबा बाईंनी धरला होता. बाई म्हणजे तिथल्या शिक्षिका, पहिली ते चौथीला त्या आणि एक गुरुजी. चिठ्ठ्यांची कल्पना माझी.

भाकरीचा तुकडा आणि चटणी, हिरवी. फोडणीचा भात, हिरवी. एकाच्या डब्यात चार खारे शेंगदाणे होते आणि तो म्हणाला की बाकीचे वाटेत संपले. सगळे हसले, मी पण. त्याला हिरवी दिली.

ती मुलगी रांगेत आठवी की नववी. अंगानं खरंच जड होती. हे मी अजूनही म्हणते, कारण ते खोटं नव्हतं. काट्यावर चढताना तिनं भिंतीला हात लावला आणि बाईंनी तो काढायला लावला. आकडा मी मोठ्यानं वाचला, सगळ्यांचाच वाचत होते. पोरं ‘ओ’ करून ओरडली. मग तिनं डबा उघडला. क्रीमच्या बिस्किटांचा पुडा आणि तिखट कुरकुरीत कसलंतरी पाच रुपयांचं पाकीट, दोन्ही न फोडलेली, डब्यात नीट बसतील अशी लावून ठेवलेली. तिनं पुडा फोडला आणि पहिलं बिस्कीट माझ्यापुढे धरलं. पाहुण्याला आधी द्यायचं, हे तिला घरी शिकवलेलं होतं.

मी बिस्कीट घेतलं नाही. मी तिला विचारलं की डबा कोण भरतं.

“मीच,” ती म्हणाली. “आई नाय करत.”

का करत नाही हे मी विचारलं नाही. एवढा एकच प्रश्न विचारायचा होता. त्याऐवजी मी सगळ्या पोरांकडे तोंड केलं आणि भाषण केलं. ज्यांची आई दहा मिनिटं काढते त्यांना हिरवी मिळते, असं त्यात एक वाक्य होतं. मग तिच्या फ्रॉकला लाल चिठ्ठी लावली. त्या दिवशी एकच लाल निघाली. बाईंनी माझ्या फोनवरून फोटो काढले. तिच्या फोटोत उघडा डबा आहे, चिठ्ठी आहे, आणि बिस्कीट धरलेला हात अजून थोडा पुढेच आहे.

दुपारी लांजा स्टँडवर गाडीची वाट बघत मी सगळे फोटो ग्रुपवर टाकले. एकोणीस होते. निवडत बसले नाही.

गाडी पालीला पोचेपर्यंत अंगठे आणि जोडलेले हात पन्नासेक आले. मग एकानं तिचा फोटो उचलून खाली विचारलं की ही कुणाची. दुसऱ्यानं घर सांगितलं. तिसऱ्यानं लिहिलं, ‘आवस काजूत, पोर पाकिटात.’ त्याच्याखाली हसणारी तोंडं. तिची आई लांज्याच्या बाजूला एका काजूच्या कारखान्यात बी कापायला जायची, हे मला तेव्हा कळलं. वाईट वाटल्याचं आठवत नाही. पत्रक पोचलं असं वाटल्याचं आठवतं. मी अध्यक्षांचा धन्यवादाचा निरोप संघटनेच्या खोलीवर वाचून दाखवला.

पुढचं मला बाईंनी फोनवर तुकड्यातुकड्यानं सांगितलं. पोरं तिला ‘लाल’ म्हणायला लागली. नळावर पाणी प्यायला गेली तरी लाल आली, लाल आली. ती छोट्या सुट्टीत डबा काढेनाशी झाली. मग आणेनाशी झाली. खिचडीच्या वेळी ताट घेऊन बसायची आणि शेजारच्या ताटात सारायची. जानेवारीत पुन्हा वजनं घेतली तेव्हा तिचं दीड किलो उतरलं होतं.

मी ते अहवालात लिहिलं. ‘मोहिमेनंतर एका मुलीच्या वजनात घट.’ वाक्य अजून फाईलमध्ये आहे.

बाईंना ते पटत नव्हतं. त्या वयानं मोठ्या, मला अगं-तुगं करायच्या. एकदा म्हणाल्या, अगं, तू तिच्या आईशी एकदा बोल तरी. मी म्हटलं, बोलायलाच पाहिजे, तिला समजावते. म्हणजे मी समजावायलाच गेले. रविवार होता, कारखान्याला सुट्टी, बाई सोबत होत्या. पिशवीत पत्रकं होतीच.

घर चिऱ्याचं, वर कौलं, एका बाजूला पत्रा. घरात त्या दोघीच. नवरा मुंबईत एका गोदामावर, गणपतीला आणि शिमग्याला येणार. मुलीचा बापूस येतो तेव्हा घरात मोठं खोकं भरून पाकिटांचा खाऊ येतो, असं बाई वाटेत म्हणाल्या होत्या. त्या खोक्याला लाल चिठ्ठी लावायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

आईनं आम्हाला बसायला सांगितलं आणि मुलीला चहा ठेवायला. मला वाटलं, बघा, चहासुद्धा पोरीनंच करायचा. मुलगी आत गेली. मी सुरू केलं. आपण सगळे मिळून मुलांच्या आहाराचा विचार केला पाहिजे, वगैरे. ती ऐकत होती, मान हलवत होती, हात पदराखाली. मी सांगितलं की तांदळाची भाकरी करायला काही फार वेळ लागत नाही. तेव्हा तिनं पदरातून हात काढले आणि माझ्यापुढे उलटे केले.

बोटं काळी होती. धुतलेली, पण आतून काळी, आणि टोकांना साल निघून मांस दिसत होतं. अंगठ्याजवळ फोड होते, काही फुटलेले. काजूच्या टरफलात तेल असतं, ते कातडीला लागलं की जाळतं. इथल्या सगळ्यांना ते माहीत असतं. मलाही माहीत होतं. लहानपणी ओली बी फोडून एकदा ओठ सुजवून घेतले होते. बी कापणाऱ्या बायका हाताला राख लावतात, तेल लावतात. हातमोजे मिळतात, पण ते घातले की बी निसटते आणि दिवसाचा किलो कमी भरतो.

“भाकरीचं पीठ कढत पाण्यात मळायला लागतं, ताई,” ती म्हणाली. “मळून दाखवा ह्या बोटांनी.”

बाई म्हणाल्या की अगो, नुसता भात तरी.

मग तिनं ते सांगितलं. मुलगी तीन वर्षांची असताना ती या कामाला लागली. एकदा संध्याकाळी आल्यावर हात साबणानं धुतले, दोनदा धुतले, आणि मुलीला भात कालवून भरवला. रात्रीतनं मुलीच्या ओठांवर, हनुवटीवर फोड उठले. दवाखान्यात नेलं तर डॉक्टरनी हिचे हात बघून हिलाच झापलं. तेव्हापासून मुलीच्या खाण्याला तिनं हात लावला नाही. आधी शेजारच्या जाऊबाईंनी चार दिवस केलं, मग त्याही कंटाळल्या. मुलगी मोठी झाल्यावर कुकर लावायला शिकली, रात्री दोघी डाळभात खातात, वाढते मुलगी. सकाळी सहाला कारखान्याची गाडी रस्त्यावर येते. डब्याला पाकीट.

“पाकिटाला कुणाचा हात लागलेला नसतो,” ती म्हणाली. “बंद येतं नि बंद जातं. माज्या मनाला तेवढं बरं वाटायचं.”

मुलगी चहा घेऊन आली. कप आधी मला, मग बाईंना, मग आईला. आईनं कप दोन्ही तळव्यांत धरला, बोटं वर उचलून. मी पत्रक पिशवीतून काढलंच नाही. चहा प्यायले. पाकिटातलं जे होतं ते मुलीच्या अंगाला वाईटच होतं, हे मला त्या क्षणीही माहीत होतं, आणि आईनं ते काळजीनं दिलं होतं, हे आता माहीत झालं होतं. दोन्हीचं काय करायचं हे मला कुणी शिकवलं नव्हतं. उठताना तिनं मला विचारलं की तो फोटो ग्रुपवरून काढून टाकता येतो का. मुंबईहून दीर बोलला म्हणे, बैठकीत दाखवला सगळ्यांना. मी म्हटलं, बघते.

फोटो काढून टाकता येत नव्हता. मी माझा निरोप पुसला असता तरी तो पन्नास फोनांत उतरलेला होता. मग मी ग्रुपवर लिहायला बसले. तीनदा लिहिलं. पहिल्यात सगळं होतं, बोटं, फोड, कढत पाणी, आणि चूक माझी. ते मी पाठवलं नाही. संघटनेत दाखवलं तर एकजण म्हणाला की अशानं पुढच्या गावात कोण उभं करेल. शेवटी जे पाठवलं ते असं होतं: ‘काही कुटुंबांच्या अडचणी वेगळ्या असू शकतात, सर्वांनी समजून घ्यावे ही विनंती.’ त्याला दोन जोडलेले हात आले. पहिला निरोप लिहायला मला अर्धा तास लागला होता. बाकी सगळ्या विषयांवर मी नावागावासकट लिहिलं होतं, आणि इथं मोघम लिहिलं.

फेब्रुवारीत बाईंचा फोन आला. मुलीचा बापूस शिमग्याला येतोय आणि परीक्षा झाली की मुलीला दापोलीला बहिणीकडे ठेवणार म्हणतोय. मंडळाच्या बैठकीत त्याला उभं करून विचारलं होतं म्हणे, की तुझ्या पोरीमुळे वाडीचं नाव जातंय, तू काय करतोस. बहिणीला मूल नाही, घर चांगलं आहे, शाळा चांगली आहे. मुलगी जाणार नाही म्हणते. कोपऱ्यात बसते आणि बोलत नाही. तू येऊन बोल, बाई म्हणाल्या. तुझं ऐकतील.

मी गेले. पालखी वाडीत येण्याच्या आदला दिवस होता. अंगणात शेणाचा सडा घातलेला, आणि चार-पाच पुरुष खुर्च्या टाकून बसलेले. अध्यक्ष मुंबईहून आले होते. मला बघून उठले, या ताई या, म्हणाले, आणि खुर्ची दिली. आई दारात उभी होती, चौकटीला टेकून, बाई तिच्या शेजारी. मुलगी दिसली नाही.

मी बापाला सगळं सांगितलं. हात सांगितले, भरवलेला भात सांगितला. त्याला माहीत नव्हतं असं नाही. त्यानं ऐकून घेतलं. तो बारीकसा, कानावर केस वाढलेला माणूस होता, आणि माझ्याशी बोलताना उभाच राहिला. मग त्यानं शर्टाच्या खिशातून एक कागद काढला. घड्या पडून मऊ झालेला. माझं पत्रक होतं. मंडळानं मुंबईतही वाटलं होतं.

“तुमीच लिवलंय ना, ताई?” तो म्हणाला. “उद्या आजार झाला तर दोष कुणाला देशील. मी वाचला हा. रात्रपाळीला चारदा वाचला. माजी झोप गेली.”

मी म्हटलं की ते मी चुकीचं लिहिलं होतं. तो म्हणाला की चुकीचं कसं, पोर जाड तर हाय. पोर जाड होती.

मी म्हटलं की मग तुम्ही इकडे या. रत्नागिरीत, लांज्यात काही काम बघा, सकाळचा डबा तुम्ही करा. हे मी अगदी सरळ म्हटलं होतं. खुर्च्यांवरचे पुरुष हसले. वाईट हसले नाहीत, खरोखर गंमत वाटली त्यांना. एक म्हणाला, हा डबा करणार? ह्याला चहात साखर कुठनं घालतात म्हायती नाय. बापूसही हसला, मान खाली घालून.

अध्यक्षांनी मला शांतपणे समजावलं. “ताई, बापूस गावाला बसला तर घर चालायचं कसं? आणि आईनं काम सोडलं तर पत्र्याच्या जागी कौलं कधी चढायची? कुणावर राग नाही. तुमच्याच मोहिमेला आम्ही पुढे नेतोय.”

दारातून आई बोलली. ती मला म्हणाली नाही, नवऱ्यालाही म्हणाली नाही, अंगणाकडे बघत म्हणाली, “काम सोडते मी. पोर नका नेऊ.”

मग कुणीतरी पालखीची वेळ विचारली आणि अध्यक्षांनी ती सांगितली, आणि बोलणं तिकडे गेलं. मी आणखी दहा मिनिटं बसले असेन. पाणी प्यायले. शेवटची गाडी चुकेल म्हणून उठले. त्या दहा मिनिटांत मी काय बोलले ते मला खरोखर आठवत नाही. बाई म्हणतात, मी काहीच बोलले नाही.

मे महिन्यात आत्या येऊन मुलीला घेऊन गेली. लांज्याहून रत्नागिरी, रत्नागिरीहून दापोली. आईनं काम सोडलं नव्हतं. सोडू दिलं नाही. सोडलं असतं तरी मुलगी गेलीच असती, असं बाईंचं मत.

गेल्या दिवाळीत ग्रुपवर एक फोटो आला. दोन फोटो जोडून एक केलेला. डावीकडे माझा, पडवीतला. उजवीकडे दापोलीतल्या एका घरासमोर उभी असलेली मुलगी, उंच झालेली, गालांची हाडं दिसणारी, हात मागे. वर लिहिलं होतं, ‘आपल्या मोहिमेचं यश’. अंगठे मोजले नाहीत. कुणी मला उद्देशून अभिनंदन लिहिलं होतं. मी ग्रुपमधून बाहेर पडले नाही, उत्तरही दिलं नाही. फोन उलटा करून ठेवला आणि खोलीवर त्या दिवशी एसटीच्या पासांचं पत्रक चालू होतं, ते पुरं केलं.

या मार्चमध्ये लांजा स्टँडवर आई भेटली. मी गाडीतून उतरत होते, ती दवाखान्यातून आली होती. मला वाटलं तोंड फिरवेल. तिनं सरकून बाकावर जागा केली. मी बसले. विचारलं की मुलगी कशी आहे. बरी आहे म्हणाली. आत्या वाईट नाही. मोजून देते, वेळेवर देते, संध्याकाळी चालायला नेते. अभ्यासात पण वर आली. मी विचारलं, फोनवर बोलता ना. तिनं समोरच्या गाडीची पाटी बघितली.

“रविवारी लावते मी,” ती म्हणाली. “आता आईनं फोन केला तर पहिलं काय विचारनार? जेवलीस का गो बाय, असंच ना? तेवढं विचारलं की फोन ठेवते ती. दुसरं काय विचारायचं ते मला सुचत नाय. मग मी पन विचारत नाय. शाळा कशी हाय म्हनते. बरी हाय म्हनते ती. मग ठेवताव.”

तिची गाडी लागली. चढताना तिनं दांडा कोपरानं धरला.

त्या वाडीच्या शाळेत पाचवीचा वर्ग आहे, सहावीचा आहे, सातवीपर्यंत आहे. बाई अजून तिथंच आहेत आणि मुलगी परत आली तर छोट्या सुट्टीचा डबा मी आणून देईन म्हणाल्यात, रोज, दोन वर्षं. मी हे बापाला फोनवर सांगितलं. तो म्हणाला की मंडळाला विचारतो. मी अध्यक्षांना सांगितलं. ते म्हणाले की झालेलं चांगलं कशाला बिघडवायचं. जो निरोप मी तेव्हा पाठवला नाही, तो मी गेल्या आठवड्यात शब्दन्‌शब्द ग्रुपवर टाकला. मला ग्रुपमधून काढलं. ते ठीक आहे. पण आता त्या मुलीच्या बापाला माझं ऐकण्याचं काही कारण उरलेलं नाही. तुमचं आहे.

तुम्ही त्या वाडीचे असाल, मंडळाचे असाल, तर तो जोडलेला फोटो तुमच्या फोनमध्ये आहे. नसाल, तर दुसऱ्या कुठल्यातरी पोराचा आहे. लग्नात ताट भरून घेतलेला, बागेत घसरगुंडीवर अडकलेला, खाली कुणीतरी आईबापांविषयी काहीतरी लिहिलेला, आणि तुम्ही हसून पुढे पाठवलेला. पुसू नका. पुसून तुम्हाला बरं वाटेल, बाकी काही होणार नाही. ते पोर कुणाचं हे तुम्हाला माहीत आहे, नसेल तर विचारलं की कळतं. जूनला शाळा उघडायच्या आत त्या घरी फोन लावा. आईला लावू नका, तिला सगळ्यांनी लावून झालाय. बापाला लावा. मी हसलो होतो आणि ते माझं चुकलं, असं त्याला आपल्या नावानं सांगा, आणि मग विचारा की सकाळचा डबा तुझ्या घरात कोण करतं, आणि तू का करत नाहीस. आणि तुम्ही त्या वाडीचे असाल तर आणखी एक विचारा, पोरगी घरी कधी आणतोस. तो तारीख सांगेपर्यंत फोन ठेवू नका.